आईकडून आलेलं

"आबा, एका डोळ्यानं झोप काढताय व्हय?" न्हाव्यानं हसत विचारलं आणि गालावर टेकवलेला वस्तरा उचलून धरला. बिरदेव झोपला नव्हता. रविवारचं दुकान गच्च भरलं होतं आणि तो आरशातून मागच्या बाकावरच्या दोन माणसांवर नजर ठेवून होता, कारण ती दोघं कुजबुजत होती. आणि बारामतीत कुणीही कुजबुजलं की ते आपल्या लेकीविषयी, सारजाविषयीच, असं त्याच्या मनानं गेली दोन वर्षं धरून ठेवलं होतं. "जागा हाय मी. तू तुझं काम कर," तो म्हणाला. पण मग त्याचं लक्ष आरशातल्या स्वतःच्याच तोंडाकडे गेलं. उजवा डोळा त्याच्याकडे टक लावून बघत होता. डाव्याची पापणी मात्र अर्ध्यावर उतरली होती, दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून जेवायला जातो तशी. त्यानं ती वर करायचा प्रयत्न केला. भुवई चढली, कपाळाला आठ्या पडल्या, पापणी होती तिथंच राहिली. बोटानं वर ढकलली, बोट काढलं, तर ती सावकाश खाली आली. न्हाव्याला वाटलं, आबा गंमत करताहेत. बिरदेवच्या मात्र हा डोळा ओळखीचा होता. हा भाच्याचा, रामचा डोळा होता. अर्ध्या गालावरचा साबण टॉवेलला पुसून तो उठला आणि बाहेर पडला, आणि बाहेर पडल्यावर पहिलं काय मनात आलं असेल तर हे, की बाकावरच्या त्या दोघांनी पाहिलं असणार.

बिरदेवला संशय घ्यायला कारण लागत नसे. आधी संशय येई, मग कारण तो सवडीनं शोधून काढी. त्याचं पोटच त्यावर चाललं होतं म्हणा ना. दूध डेअरीत टेस्टर म्हणून त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. भल्या पहाटे कॅनची झाकणं उघडायची, लॅक्टोमीटर सोडायचा, दूध जिभेवर घ्यायचं आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं. लॅक्टोमीटरपेक्षा तोंड जास्त सांगतं, असं तो म्हणे. हीच नजर घेऊन तो घरी येई, लग्नकार्यात जाई, बहिणीकडे जाई. साखरबाई त्याची धाकटी बहीण, इंदापूरला दिलेली, आणि राम तिचा एकुलता एक मुलगा. राम आणि सारजा यांची सुपारी फुटली होती. मामाची मुलगी भाच्याला, यात कुणाला नवल वाटलं नाही; दिली नसती तर वाटलं असतं. राम लोणी देवकरच्या वसाहतीत एका कारखान्यात लागला होता, अंगानं दणकट होता, आणि सारजा त्याचं नाव निघालं की उठून आत जायची, एवढं पुरेसं होतं. मग एका थंडीत राम कामावर जायचा थांबला. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. जेवायला हाक मारली तर येई, पण चावता चावता थांबे. पापण्या जड झाल्यासारख्या उतरलेल्या, जिना चढताना हातानं मांडी उचलावी लागे, आणि कधी कधी कारण नसताना डोळ्यांतून पाणी येई. बिरदेवला आधी वाटलं, पोरगं सोंग करतंय, बाहेर कुठंतरी गुंतलंय. मग वाटलं, साखरबाईच्या जावेनं काहीतरी करून ठेवलंय. मग वाटलं, दुखणं जुनंच आहे आणि आपल्या सख्ख्या बहिणीनं ते आपल्यापासून लपवलंय. हा तिसरा संशय त्याला सगळ्यांत जास्त पटला, कारण तो सगळ्यांत जास्त लागला.

इंदापूरच्या डॉक्टरनं उदासीच्या गोळ्या दिल्या, तर राम दिवसाही झोपू लागला. तेव्हा बिरदेवच मायलेकरांना घेऊन पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेला. घरात चार इंग्रजी शब्द वाचता येणारा तोच. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, अंजली साबळे. बोलता बोलता कळलं की ती पिंपळीच्या कचरू साबळ्यांची मुलगी, आणि बिरदेवच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कचरूचा दुधाचा कॅन त्यानं एकदा सगळ्यांदेखत परत पाठवला होता. दुधात पाणी होतं की नव्हतं हे आज त्यालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. कचरू मान खाली घालून उभा नव्हता, ताठ उभा होता, एवढं मात्र त्याला आठवत होतं. बौद्ध झाल्यापासून पिंपळीची ती वस्ती ताठच उभी राही आणि बिरदेवला ते उगीचच टोचे. आता त्याचीच मुलगी आपल्या भाच्याच्या मांडीतून चिमूटभर मांस काढून काचेखाली बघणार होती. तिनं पाहिलं. तीन आठवड्यांनी बोलावलं आणि म्हणाली, की हे नुसतं मनाचं दुखणं नाही आणि आळस तर नाहीच. शरीरात जी ताकद तयार होते तीच याच्यात कमी पडते, स्नायूंना कमी पडते, डोळ्यांना कमी पडते आणि सगळ्यांत जास्त मेंदूला कमी पडते, म्हणून ही उदासी. "हा दोष आईकडून येतो," ती म्हणाली. साखरबाईनं पदर पुढं ओढला. पुढचं ती काय बोलली ते बिरदेवनं ऐकलंच नाही, कारण त्याला हवं होतं ते मिळालं होतं. आईकडून. म्हणजे साखरबाईकडून. म्हणजे त्यांच्या घरातून.

आता दिलेली लेक ही दिल्या घरची, हे काय बिरदेवनं ठरवलं होतं? तिचं आडनाव गेलं, कुळ गेलं, देव्हाऱ्यातले टाक वेगळे झाले. तिच्या अंगात जे काही निघेल ते इंदापूरचं, हे त्याला इतकं सरळ वाटलं की तपासून बघायची गरजच वाटली नाही. नाहीतर तो माणूस दुसऱ्याच्या दुधाचा थेंब तपासल्याशिवाय सोडणारा नव्हता. लोणी भापकरला बिरोबाच्या देवळापुढं भावकी जमली तेव्हा त्यानं उभं राहून सांगितलं, "माझी पोरगी मी देणार न्हाय. त्यांच्यात दोष हाय. पुण्याच्या डाक्टरनं लिवून दिलंय, आईकडनं येतो म्हून." साखरबाई नवऱ्याबरोबर देवळाच्या पायरीवर बसली होती, पदर पुढं ओढून. सगळे माना हलवत होते, आणि बिरदेवला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात त्याची चुलती, म्हातारी गोजरबाई, तंबाखू मळता मळता म्हणाली, "पर बिरू, त्या पोराची आई कुणाची रं लेक?" कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माणसं एकेक करून त्याच्याकडे बघू लागली, मग बाजूला उभ्या असलेल्या सारजाकडे, आणि बिरदेवच्या पायाखालची जमीन सरकली. भाच्याचं आजोळ म्हणजे आपलं घर. आपण चारचौघांत उभं राहून आपल्याच घराला डाग लावला. त्या दिवसानंतर सारजाला एक स्थळ आलं नाही. एक आलं होतं फलटणकडचं, ते चहा पिऊन गेलं आणि परत फिरकलं नाही. बिरदेव इंदापूरला जायचा बंद झाला आणि सारजा शिवणाच्या मशीनवर खाली मान घालून बसू लागली. एक अक्षर ती त्याला बोलली नाही. तिचं न बोलणं त्याला कुजबुजीपेक्षा जास्त ऐकू येई.

न्हाव्याकडून बाहेर पडल्यावर, घराच्या वाटेवरच्या पुलाकडे जायचं सोडून तो उगीचच भिगवण रस्त्याला लागला आणि रसवंतीच्या बाकावर जाऊन बसला. घरी जायचं धैर्य होईना. डोळा झाकला तर आई दिसू लागली. त्याची आई कुशाबाई. तेव्हा घरची मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन निघायचं आणि रानात वाघर लावून, मेंढरं त्या जाळीत कोंडून, तिच्या कडेला मुक्काम करायचा. आई कधीतरी त्या वाघरीकडे तोंड करून बसायची आणि मग उठायचीच नाही. लोक म्हणत, कुशी बसली. हे 'बसणं' सगळ्यांना ठाऊक होतं, पाऊस लांबला म्हणावं तितक्या सहज बोलत. बाप आधी हाका मारी, मग पाणी ओती, मग देवऋषी आणी. लिंबाच्या डहाळीनं झोडपल्यावर आई चार दिवस उठून भाकरी करी आणि परत बसे. तिच्या पापण्याही अशाच उतरलेल्या असायच्या, म्हणून पोरंसोरं तिला झोपाळू म्हणत. एकदा, बिरदेव अगदी लहान असताना, तो तिच्या मांडीला बिलगून भाकर मागत होता, तर ती म्हणाली होती, "उठायचं मनात हाय रं बाळा, पर उठणारी कुठं गेली कुणास ठावं." तेव्हा त्याला वाटलं होतं, आई गंमत करते. आता त्या रसवंतीत बसून त्याला ते वाक्य इतकं नेमकं समजलं की भीती वाटली. कारण त्याच्यातलाही उठणारा कुठंतरी गेला होता. किती तरी महिने पहाटेचा गजर झाला की तो छताकडे बघत पडून राही, आणि उठायचं म्हणजे काय करायचं असतं हेच आठवत नसे. बायको, जयवंता, हाताला धरून बसवी. डेअरीतून आल्यावर दुपारी छातीवर कुणी तरी पाट ठेवल्यासारखं होई आणि रडू येई. तो म्हणे, फॅट तपासायच्या ॲसिडच्या वासानं डोकं धरलंय. नवा सुपरवायझर आपल्या मागं लागलाय म्हणे. जयवंता जेवणात तेल जास्त घालते म्हणे. प्रत्येक दुखण्याला त्यानं एक गुन्हेगार नेमला होता. हात उचलायला ताकद नव्हती, हसायला नव्हती, संशय घ्यायला तेवढी उरली होती, आणि म्हणून तो दिवसभर तेच करत होता.

मग आईकडून ते साखरबाईला आलं, आणि मला आलं. आणि माझ्याकडून? रसाचा पेला तसाच ठेवून तो उठला. घरी पोचेपर्यंत त्याला दम लागला. सारजा मशीनवर नव्हती, मोरीपाशी कळशी भरत होती. तो दारातच उभा राहून तिच्याकडे बघू लागला. कळशी तिनं एका हातानं उचलली, पण उचलायच्या आधी जरा थांबली नाही का? डोळ्यांखाली काळं दिसतंय. काल दुपारी ती झोपली होती. झोपली होती का पडून होती? तिनं मान वर केली आणि त्याची नजर पाहिली. ही नजर तिला चांगली ओळखू येई. "काय बगताय आबा?" ती म्हणाली. "काय न्हाय. डोळे दुखत्यात का तुझं?" "न्हाय." "सकाळी उठवत न्हाय, आसं व्हतं का?" सारजानं कळशी खाली ठेवली. "रामला झालं ते मला झालंय का, आसंच इचारा की सरळ," ती म्हणाली, आणि दोन वर्षांत त्या घरात हे नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. जयवंता आतून बाहेर आली, नवऱ्याचा अर्धा दाढी केलेला गाल आणि मिटत चाललेला डोळा तिनं पाहिला आणि तिच्या तोंडावर जे उमटलं ते बघवेना. डॉक्टर अंजली महिन्यातून एकदा रविवारी बारामतीत येते, स्टँडामागच्या एका दवाखान्यात बसते, हे बिरदेवला माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर तो त्या गल्लीतून जात नसे. आज तोच रविवार होता. "चल," तो सारजाला म्हणाला. "माझा डोळा दावायचाय." तिलाही कळलं, त्यालाही कळलं, की दाखवायचं आहे ते वेगळंच.

डॉक्टरीण त्याला विसरली नव्हती. तिनं आधी हसून सारजाला बसायला सांगितलं आणि मग त्याला समोर घेतलं. त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: हिला आता बरं वाटत असेल. बापाचा कॅन परत पाठवणारा आज हिच्यापुढं येऊन बसलाय. "वर बघा," ती म्हणाली. "बघत राहा, मी सांगेपर्यंत." तो बघत राहिला आणि दोन्ही पापण्या हळूहळू उतरत गेल्या, डावी आधी, मग उजवी. तिनं बोट डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. त्याची नजर मागं मागं रेंगाळली. हात वर धरायला लावले, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. मग विचारलं, "मन कसं असतं?" कुणी त्याला असं विचारलंच नव्हतं. "बरं आसतंय," तो म्हणाला. "न्हाय," सारजा म्हणाली, "आबा रोज दुपारी भिंतीकडं तोंड करून रडत्यात. आमाला कळत न्हाय आसं त्यांना वाटतंय." बिरदेवनं झटकन तिच्याकडे पाहिलं. म्हणजे ही आपल्यावर नजर ठेवून होती! पण तिच्या तोंडावर पकडल्याचा आनंद नव्हता, काही तरी वेगळंच होतं, आणि ते काय याचा अंदाज बांधायची त्याला सवय नव्हती.

"नक्की सांगायला तुमच्याही मांडीचा तुकडा तपासावा लागेल," डॉक्टर म्हणाली, "पण रामला आहे तेच तुम्हाला असावं असं मला वाटतं." मग तिनं समजावून सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. खाल्लेल्या भाकरीची ताकद होते ती त्यांच्यावर. त्यांतल्या काही धुमसतात, पेटत नाहीत. मेंदू हा सगळ्यांत खादाड, त्याला आधी कमी पडतं. "सगळ्या उदास माणसांत हेच असतं असं मी म्हणणार नाही. अजून खूप शोधायचं राहिलंय. पण तुमच्या घरात मात्र दोन्ही एकाच ठिकाणाहून येतंय, डोळाही आणि दुपारही." "आन् हिला?" बिरदेवनं सारजाकडे बोट केलं. "माझ्याकडनं हिला किती आलंय?" "हिला?" ती म्हणाली, "हिला नाही. या चुली फक्त आईच्या बीजातून जातात. बाप मुलांना सगळं देतो, नाक देतो, रंग देतो, हे देत नाही. सारजाच्या चुली तिच्या आईच्या. मी हे त्या वेळीही सांगितलं होतं, पुण्याला. तुम्ही ऐकत नव्हतात." बिरदेवला वाटलं, ही आपलं समाधान करतेय. गोड बोलतेय. का? मग सारजा बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "मॅडम, राम बाप झाला तर त्याच्या पोरांना?" "नाही," डॉक्टर म्हणाली. "त्यांनाही नाही. तुमच्या आजीचं हे या दोघांपाशी थांबणार. मामापाशी आणि भाच्यापाशी." सारजानं मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. राम माझ्याकडे येतो, डॉक्टर पुढं म्हणाली. त्या जुन्या गोळ्या बदलल्या, व्हिटॅमिनं चालू केली, रोज थोडं थोडं चालायला लावलं. पूर्ण बरा होईल असं वचन देत नाही, पण पुष्कळ उठलाय. एका रोपवाटिकेत कामाला जातो.

इंदापूरची एस. टी. लागलेली होती. कुणी कुणाला काही न विचारता दोघं तिच्यात बसली. बिरदेवला आपल्या बापाची आठवण झाली. बाप कळपात ठेवायचा कोकरू निवडताना आधी त्याची आई बघायचा, तिची कास, तिचे खूर, तिची चाल. मेंढा कोणता होता याची चौकशी मागाहून. मेंढरांत आई बघायची आणि माणसांत बाप, हे कुणी ठरवलं? बापानं आपल्या बायकोला डहाळीनं झोडपून घेतलं, पण ती कुणाची लेक, तिच्या आईला असं होत होतं का, हे कधी विचारलं नाही. त्याला हायसं वाटत होतं, अगदी रडू येईल इतकं हायसं वाटत होतं, की पोरगी सुटली. आणि त्याच वेळी एक चमत्कारिक दुःखही होत होतं. आईचा फोटो नव्हता, लुगडं नव्हतं, तिचा आवाजही आता नीट आठवत नसे. तिचं म्हणून अंगात काही राहिलं असेल तर हे एवढंच, आणि तेही आपल्याबरोबर संपणार. वाटेतलं निमगाव केतकी मागं गेलं. त्याच्या मनानं आता बेत करायला सुरुवात केली. देवळापुढं पुन्हा भावकी बोलवायची. पण सांगायचं काय? बापाला आहे आणि पोरीला नाही, हे कोण ऐकून घेईल? पोरगी बापाच्या रक्ताची, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोक म्हणतील, बिरदेवनं डॉक्टरीण फितवली. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर तोही हेच म्हणाला असता. मग कशाला भावकी? साखरबाई बास. रामला पोरगी दिली की तोंडं आपोआप बंद होतील. त्यानं चोरून सारजाकडे पाहिलं. तिनं वेणीचे सुटलेले केस नीट केले होते, खिडकीच्या काचेत बघून. तेवढं बघितल्यावर त्याला खात्री वाटली.

साखरबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. दोन वर्षांनी भाऊ दारात आला तर तिनं सूप खाली ठेवलं नाही. सारजानं वाकून नमस्कार केला तेव्हा मात्र तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चुलीपशी पीठ मळून ठेवलंय, थापतीस का भाकरी?" सारजा आत गेली. बिरदेव ओट्यावर टेकला. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं पळून गेलं होतं. "साखरे," तो म्हणाला, "मला बी हाय." "काय?" "रामला हाय ते. आपल्या आईचं. ती बसायची बग वाघरीकडं तोंड करून. ते मला बी आलंय." साखरबाईचे हात थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग दाणे सांडत सूप तिनं बाजूला टाकलं आणि तोंडाला पदर लावला. "दोन वर्सं," ती म्हणाली, "दोन वर्सं पोराला ते दिल्याली मी एकटीच व्हते. सासू म्हणाली, गल्ली म्हणाली. तू तर देवाम्होरं म्हणालास. रोज त्याला भाकर वाढताना वाटायचं, ह्याच हातानं त्याला हे घातलं मी." ती रडत होती आणि मधेच हसल्यासारखीही करत होती. "आईचं व्हय रं? आपल्या आईचं? मग ती बिचारी सोंग करत नव्हती." आता हीच वेळ, असं बिरदेवच्या मनानं लगेच हेरलं, आणि तो म्हणाला, "साखरे, झालं गेलं इसर. सारजाला घे. डॉक्टर म्हणती, त्यांच्या पोरांना काय व्हत न्हाय. रामकडनं पुढं जातच न्हाय ते."

साखरबाईनं डोळे पुसले. "न्हाय," ती म्हणाली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "का?" बिरदेव म्हणाला. "पोरगी चांगली हाय. माझ्या भावाची हाय, मला दुसरी कोन गोड लागणार? पर तिचा बाप तू हाईस, दादा. उद्या राम एक दिस उशिरा उठला, तर तू हितं येऊन त्याच्या तोंडाकडं बगत बसशील. तुझी ती नजर मला ठावं हाय, लहानपणापास्नं. पोरगं आता कुठं माणसांत आलंय. त्याला गोळ्या लागू पडल्या खऱ्या, पर निम्मं औषध हेच हाय की ह्या घरात त्याला कुनी सोंग करतूस का म्हून बगत न्हाय. सासू बी आता बगत न्हाय. ते मी मोडू देणार न्हाय, तुझ्यासाठी बी न्हाय." बिरदेवला राग आला, मग वाटलं, हिनं दुसरीकडे जमवलं असणार, म्हणून ही कारणं, मग हा संशय त्याच्या स्वतःच्याच कानावर पडल्यासारखा झाला आणि त्याची त्यालाच शरम वाटली. सारजासाठी तो गयावया करणार होता. पण साखरबाई म्हणाली त्यात खोटं काय होतं, हे त्याला शोधूनही सापडेना. आत भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा सावकाश. "जेवून जावा," साखरबाई उठत म्हणाली आणि आत गेली, आणि आत ती सारजाला काही बोलली का, नुसती तिच्याजवळ बसली, ते बाहेर कळलं नाही.

राम आला तेव्हा उन्हं उतरली होती. त्याच्या हातांना रोपांच्या पिशव्यांतली माती लागलेली होती आणि तो सावकाश चालत होता, पण चालत होता. मामाला बघून तो दचकला. आत आईशी त्याचं काहीतरी बोलणं झालं, हात धुतल्याचा आवाज आला, आणि तो बाहेर येऊन ओट्यावर बिरदेवच्या शेजारी बसला, अगदी जवळ. दोघंही समोरच्या रस्त्याकडे बघू लागले. "मामा," राम हळूच म्हणाला, "सकाळी उठवत न्हाय ना?" बिरदेवचं मन खडबडून जागं झालं. हा का विचारतोय? आईनं पाठवलं असेल. देवळापुढच्या बोलण्याचा सूड उगवतोय. आता हसेल, म्हणेल, कसं वाटतंय? त्यानं मान वळवून भाच्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, त्याला जमत होतं तितकं कसून पाहिलं. राम उत्तराची वाट बघत होता. त्याच्या तोंडावर दुसरं काही नव्हतं.

"न्हाय उठवत," बिरदेव म्हणाला. "लई दिस झालं, राम. न्हाय उठवत."